वर्दी न देता येणारे आवाज

आमच्या घरात आणि नात्यागोत्यात कोणत्याही शारीरिक त्रासाची तक्रार केली की एक ठरलेले उत्तर मिळते: होईल सवय. नवी चप्पल चावते, होईल सवय. खोलीखालच्या दुकानातला कंप्रेसर रात्रभर घरघरतो, होईल सवय. बहुतेकांच्या बाबतीत हे उत्तर खरेही ठरते, कारण एकच संवेदना पुन्हापुन्हा येऊ लागली की मेंदू तिची दखल घेणे हळूहळू कमी करतो. पंखा लावल्यानंतर काही वेळाने त्याचा आवाज ऐकू येईनासा होतो तो यामुळेच. ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या अनेकांमध्ये मात्र ही क्रिया मंदावलेली असते. मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेल्या काही अभ्यासांत असे दिसले आहे की, ज्या ऑटिस्टिक मुलांना संवेदनांचा जास्त त्रास होतो त्यांच्या मेंदूची प्रतिक्रिया, तोच नकोसा आवाज आणि तोच खरबरीत स्पर्श पुन्हापुन्हा दिल्यावरही, इतर मुलांप्रमाणे ओसरत नाही. म्हणजे सवय होण्याची वाट मी जन्मभर पाहिली तरी काही गोष्टींची ती होणार नाही, आणि तो माझ्या हट्टाचा भाग नाही.

मी इंदूरला रामबागेत राहते, एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात हिशेबाचे काम करते आणि माझे ऑटिझमचे निदान प्रौढ वयात झाले. निदानाची हकिगत इथे सांगत नाही. लिहायचे आहे ते रोजच्या दिवसातल्या आवाजांविषयी, स्पर्शांविषयी आणि प्रकाशाविषयी, कारण या बाबतीत माझ्या माणसांचा एक गैरसमज आहे आणि तो प्रेमळ असल्यामुळे अधिक चिवट आहे. मला शांतता लागते, असे सर्वांनी धरून चालले आहे. मी खोलीत आले की टीव्हीचा आवाज कमी केला जातो, भाचरांना दटावले जाते, आणि आता हिला बरे वाटेल अशा समाधानाने सगळे माझ्याकडे पाहतात. परंतु ज्या शांत घरात दाराची घंटा कोणत्याही क्षणी वाजू शकते, त्या घरात मी सबंध दुपार अंग आवळून बसलेली असते.

आमच्याकडे दहा दिवसांचा गणपती असतो. आरतीला झांजा, टाळ, घंटा आणि टाळ्या एकदम सुरू होतात, प्रत्येकाचा ठेका निराळा असतो, आणि उत्साह ओसंडू लागला की कोणी एक जण ताम्हनावर पळी वाजवू लागतो. लहानपणी मी पहिल्या ओळीलाच मागच्या अंगणात पळत असे आणि देवाधर्माचे वावडे असल्याचा ठपका माझ्यावर येत असे. एका वर्षी आजोबांनी, बहुधा मला पळता येऊ नये म्हणूनच, झांजांची जोडी माझ्या हातात दिली. त्या झांजेचा आवाज माझ्या कानांपासून हातभर अंतरावर होता, म्हणजे खोलीतल्या इतर कुणापेक्षाही मला जास्त ऐकू येत होता, आणि तरीही मी शेवटच्या मंत्रपुष्पांजलीपर्यंत उभी राहिले. तेव्हापासून झांज माझ्याकडेच असते. नातेवाइकांनी यावरून काढलेला निष्कर्ष मात्र उलटा होता: जी स्वतः एवढ्या जोराने वाजवते तिला आवाजाचा त्रास कसला?

या प्रश्नामागचे निरीक्षण ऑटिझमच्या इतिहासात अगदी आरंभीच नोंदवले गेले आहे, हे मला फार उशिरा समजले. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांविषयी जो लेख प्रसिद्ध केला, त्यात मुले कशाकशाला घाबरतात याची यादी आहे. तीत तीनचाकी सायकली आहेत, झोपाळे आहेत, लिफ्ट आहेत, व्हॅक्यूम क्लीनर आहे, वाहते पाणी आहे, अंडी फेटण्याचे यंत्र आहे, वारासुद्धा आहे. आणि त्यानंतर त्यांनी नोंदवले आहे की, ज्या आवाजाची मुलाला भीती वाटते तेवढाच मोठा आवाज ते मूल स्वतः मजेने करू शकते. कॅनर यांनी याचा अर्थ असा लावला की बाहेरचा आवाज मुलाच्या एकटेपणावर आक्रमण करतो. निरीक्षण अचूक आहे, अर्थ मला पटत नाही. आरतीच्या वेळी मी एकटी नसते आणि मला एकटे राहायचेही नसते. स्वतः केलेल्या आवाजाचा अंदाज मेंदूला आधीच असतो, त्यामुळे तो सौम्य होऊन पोहोचतो. स्वतःच स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत त्यामागेही हेच कारण सांगितले जाते. एलिझाबेथ पेलिकॅनो आणि डेव्हिड बर या संशोधकांनी २०१२ साली असे मांडले की, ऑटिस्टिक मेंदू पूर्वानुभवावर आधारलेल्या अंदाजांना कमी वजन देतो आणि प्रत्यक्ष येणाऱ्या संवेदनेला जास्त. या मांडणीवर मतभेद आहेत, परंतु माझ्या झांजेचे स्पष्टीकरण मला तिच्यात इतर कशाहीपेक्षा अधिक सापडते.

म्हणूनच आमच्या शहरात ज्याची बाहेरगावचे पाहुणे हमखास तक्रार करतात त्या कचरागाडीच्या गाण्याचा मला काडीचाही त्रास होत नाही. इंदूरने २०१७ पासून सलग अनेक वर्षे देशातल्या स्वच्छ शहरांत पहिला क्रमांक राखला आणि त्याचे श्रेय ज्या व्यवस्थेला आहे ती रोज सकाळी ध्वनिवर्धक लावून दाराशी येते. ते गाणे कर्कश आहे, पण ते गल्लीच्या टोकापासून सुरू होते, हळूहळू मोठे होते, दाराशी थांबते आणि त्याच क्रमाने विरत जाते. शिवाय ते आजही कालचेच असते. याउलट शेजारच्या स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी आकाराने लहान, पण तिच्या आणि पुढच्या शिट्टीच्या मधल्या वेळात मला दुसरे काहीही करता येत नाही. आवाज कापणारे महागडे हेडफोन मी घेतले आहेत आणि पंखा, बसचे इंजिन, विमान अशा सलग, खालच्या पट्टीतल्या आवाजांवर ते उत्तम चालतात. शिट्टी, भांडे पडणे, कुत्र्याचे अचानक भुंकणे यांच्यापुढे त्यांचे यंत्र फारसे काही करू शकत नाही. त्यासाठी कानात घालायचे साधे फोमचे बोळे बरे.

घरातला सर्वांत उपयोगी बदल वहिनीने केला आणि त्याला एक पैसाही लागला नाही. मिक्सर लावण्याआधी ती स्वयंपाकघरातून ओरडते, "अगं, मिक्सर लावतेय हं!" मग मी मनात तीनपर्यंत मोजते आणि मिक्सर सुरू होतो. मिक्सर तोच, चटणी तीच. पूर्वी माझ्या हातातून वस्तू गळून पडत असत, आता मी वाचत असलेली ओळ पूर्ण करते. दादाला हे अजून थट्टेचे वाटते आणि तो फ्रीज उघडण्याआधीसुद्धा वर्दी देतो.

स्पर्शाच्या बाबतीत गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथेही अनपेक्षितपणा नडतो, पण स्पर्शाचा प्रकारही नडतो. हलका स्पर्श मला जळजळीसारखा जाणवतो आणि तो झाल्यानंतर बराच वेळ त्या जागी राहतो. घट्ट, जड दाब मात्र हवासा वाटतो. चैत्रातल्या हळदीकुंकवात या हलक्या स्पर्शांची मालिकाच असते. मनगटावर अत्तराचे बोट फिरते, अंगावर गुलाबदाणीतून थंड थेंब उडतात, कपाळावर कुंकवाचे बोट टेकते, आणि हे सर्व करणारी बाई हसतमुख असल्यामुळे अंग चोरले की तिचा अपमान होतो. आंब्याची डाळ आणि पन्हे यांच्यासाठी मी तिथे आनंदाने जाते, पण अत्तराची कुपी जवळ येताच स्वतःच हात पुढे करून ते घासून लावून घेते, कारण स्वतः पुढे केलेला हात कमी दुखतो. आत्या पाठीवरून हळुवार हात फिरवते तेव्हा तिला कसे सांगावे हे मला पुष्कळ वर्षे सुचत नव्हते. शेवटी मी तिला म्हटले, "आत्या, थोपट, पण जोरात." तिने पहिल्यांदा असे थोपटले की मला ठसका लागला, आणि आता तिचे प्रमाण अचूक जमले आहे.

रात्री मी आजीच्या जुन्या लुगड्यांची जाड गोधडी घेते आणि उन्हाळ्यातही, कूलरच्या समोर का होईना, ती सोडत नाही. बाजारात याच कामासाठी वजनदार पांघरुणे मिळतात, आत काचेचे मणी भरलेली. टेंपल ग्रँडिन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी तर तरुणपणी, गुरांना लस टोचताना धरून ठेवणारा पिंजरा पाहून, स्वतःच्या अंगाला दाब देणारे यंत्र बनवले होते. त्यांना हवा तेवढा दाब त्या स्वतः कमी-जास्त करू शकत असत, आणि ही बाब मला त्या यंत्रातली सर्वांत महत्त्वाची वाटते. कपड्यांबाबत माझे नशीब चांगले, कारण महेश्वर इथून जवळ आहे. पैठणीच्या जरीची मागची बाजू मला दहा मिनिटेही सोसत नाही, परंतु महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी वापरता येईल असा विणलेला असतो, उलट बाजूला टोचणारे सुटे धागे नसतात, आणि काही धुण्यांनंतर ते कापड अंगावर आहे हे विसरता येते. लग्नकार्यांत मी त्याच त्या दोन साड्या नेसते, याची चर्चा होते हे मला ठाऊक आहे.

खाण्याबद्दल थोडक्यातच सांगते. इंदुरी पोहे वाफेवर ठेवलेले असतात, मऊ असतात, त्यांवरचा जिरावण मसाला मला प्रिय आहे. शेव मात्र पोह्यांवर पडून भिजली की तोंडात एकाच घासात दोन परस्परविरोधी गोष्टी येतात, म्हणून मी ती वेगळ्या द्रोणात घेते. ठेलेवाल्याने आजवर कारण विचारलेले नाही. कारण विचारणारे लोक नेहमी घरातले असतात.

याहून गंभीर अडचण अशी की, बाहेरच्या संवेदना जितक्या तीव्र येतात तितक्याच आतल्या अस्पष्ट येतात. भूक, तहान, लघवीची भावना, ताप यांची जाणीव मला फार उशिरा होते. भूक मला पोटात कळत नाही. अक्षरे चुकू लागतात, समोरच्याचा राग येऊ लागतो, हात थरथरतात, आणि मग घड्याळ पाहून मी अनुमान काढते की जेवण राहिले. मे महिन्याच्या उन्हात हे धोक्याचे आहे. म्हणून पाण्याची आणि डब्याची वेळ मोबाइलच्या गजरावर बांधलेली आहे, कंप पावणाऱ्या, कारण वाजणारा गजर हा पुन्हा आवाजच. माणसाला स्वतःची भूक कळत नाही यावर लोकांचा विश्वास बसायला कानांच्या त्रासापेक्षाही जास्त वेळ लागतो. मीही बाहेरून पाहिले असते तर कदाचित ठेवला नसता.

रंगपंचमीच्या गेरीविषयी न लिहिणारी मी इंदूरची कसली? फाल्गुन वद्य पंचमीला राजवाड्याच्या परिसरातून निघणारी ही मिरवणूक होळकरांच्या काळापासूनची म्हणून सांगितली जाते. टँकरवर बसवलेल्या यंत्रांतून पाणी आणि गुलाल कित्येक मजले उंच उडवला जातो, डीजे असतात, आणि गर्दीत माणसाचे पाय जमिनीवर टिकत नाहीत. खाली उभे राहणे मला या जन्मी शक्य नाही. परंतु ओळखीच्या एका घराच्या गच्चीवरून, कानांत बोळे आणि वर हेडफोन अशा दुहेरी बंदोबस्तात, गुलालाचा ढग वर चढताना, उन्हात फिकट होताना आणि मग पुन्हा खाली घट्ट होत जाताना पाहणे हा माझ्या वर्षातला सर्वोच्च आनंद आहे. शेजारी उभ्या असलेल्यांना रंग दिसतो. मला त्या ढगाच्या कडेला होणारे लहान लहान भोवरे दिसतात आणि ते पाहताना वेळेचे भान राहत नाही. जी इंद्रिये त्रास देतात तीच हे देतात, म्हणून ती बोथट करून मिळत असती तरी मी घेतली नसती.

कार्यालयाचा प्रश्न शेवटी कायद्याशी येऊन भिडतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या अनुसूचीत ज्या २१ प्रकारांची गणना आहे त्यांत ऑटिझम आहे, आणि दुसऱ्यावर अवाजवी बोजा न टाकता करता येण्याजोगे आवश्यक फेरबदल ही कल्पनाही त्या कायद्यात आहे. निदानाच्या अमेरिकन निकषांत इंद्रियसंवेदनांच्या फरकाला २०१३ साली स्थान मिळाले, म्हणजे कॅनर यांच्या लेखानंतर ७० वर्षांनी. भारतात प्रमाणपत्रासाठी जी मोजपट्टी वापरतात तिच्या ४० प्रश्नांच्या सहा विभागांपैकी एक विभाग इंद्रियांचा आहे. हे सर्व वाचून, कागदावर लिहून, मी सरांकडे तीन गोष्टी मागितल्या: पाठीमागून कोणी येणार नाही अशी भिंतीलगतची जागा, डोक्यावरची जुन्या चोकची ट्यूबलाइट बदलणे, आणि फोन करण्याआधी संदेश पाठवणे.

जागा त्याच दिवशी मिळाली. ट्यूबलाइटविषयी समजावणे कठीण गेले. ५० हर्ट्झच्या विजेवर जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तीव्र होते, बहुतेकांना ते दिसत नाही, आणि मला दुपारपर्यंत आकड्यांच्या रांगा हलताना दिसू लागतात. ब्रिटनमध्ये १९८९ साली कार्यालयांत केलेल्या एका अभ्यासात उच्च वारंवारितेचे चोक बसवल्यावर कर्मचाऱ्यांच्या डोकेदुखीचे सरासरी प्रमाण निम्म्याहून कमी झाले होते, आणि ते कर्मचारी ऑटिस्टिक म्हणून निवडलेले नव्हते. हेही मी सांगितले. सरांनी मान डोलावली आणि तो चोक आपोआप जळाला तेव्हा नवा बसवला.

फोनचा प्रश्न सुटलेला नाही. अशिलांना संदेश पाठवण्याची शिस्त लावता येत नाही, विशेषतः विवरणपत्रांची मुदत जवळ येते तेव्हा. सध्या जुलैच्या अखेरच्या आठवड्यात माझा फोन शेजारच्या टेबलावरच्या सहकारी घेतात आणि त्याच्या बदल्यात त्यांचे न जुळणारे ताळेबंद मी जुळवून देते.