जीएसटी नंबर, लाईट बिल आणि आमची छोटी कंपनी (माझा अनुभव)

आमचं काम पुस्तकं छापायचं नाही, छापायच्या आधीचं सगळं. प्रकाशक इयत्ता-विषय सांगतो, मग शिक्षकांकडून स्वाध्याय लिहून घ्या, संपादन, चित्रं, डीटीपी, प्रूफं, शेवटी प्रेसला जाईल अशी फाईल. क्लासच्या वर्कशीटवरून चालू झालं, माणसं वाढली तशा कोल्हापुरात राजारामपुरीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मग बाहेरच्या एका प्रकाशकाची अख्खी मालिका मिळाली आणि त्यांचं अकाउंट्स म्हणालं जीएसटी नंबर द्या, त्याशिवाय व्हेंडर कोड (काम देणाऱ्याकडची आपली नोंद) निघत नाही. आमची उलाढाल 20 लाखाच्या आत, कायद्यानं नंबर लागत नव्हता, पण त्यांना कोण सांगणार.

उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) बसल्या जागी झालं, फुकट (पैसे मागणाऱ्या साईटी लई आहेत, नादाला लागू नका).

जीएसटीत अडकलो ते जागेचा पुरावा म्हणून जोडलेल्या लाईट बिलावर. बिल घरमालक काकांच्या वडिलांच्या नावावर, ते जाऊन जमाना झाला. बिलावर नुसता घर नंबर, भाडेकरारात ई वॉर्ड आणि सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर). आली आरईजी-03 ची नोटीस (अर्जावर खुलासा मागणारी), पत्ता जुळत नाही. उत्तराला कामाचे 7 दिवस. घरफाळ्याची (घरपट्टीची) पावती जोडली, ती काकांच्याच नावावर आहे, तरी अर्ज फेटाळला आणि शेरा काय, तर कागदपत्रं योग्य नाहीत. कुठली योग्य नाहीत ते लिहायला काय जातंय? फोन केला की साहेब मीटिंगमध्ये. शेवटी काकाच माझ्याबरोबर आले आणि टेबलासमोर उभं राहून म्हणाले, "माझ्या बापाचं घर हाय, पटत नसलं तर येऊन बघा की." शिपाई हसला, साहेबांनी मान वर केली नाही. इकडे चित्रकार रोज पैशाचं विचारतोय आणि आम्ही श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधल्या फाईली युनिकोडमध्ये घेत, उडालेले रफार शोधत बसलोय.

मग सीएनं जीएसटी बघणाऱ्या केंद्रीय बोर्डाची 17 एप्रिल 2025 ची सूचना काढून दिली. भाड्याच्या जागेला करार आणि मालकाच्या मालकीचा कुठलाही एक पुरावा पुरे, घरफाळा पावती चालते, जादा कागद मागायचे नाहीत असं त्यात स्पष्ट आहे. नवीन अर्जात लाईट बिल जोडलंच नाही, घरफाळा पावती आणि वर ती सूचना. झालं काम! करार नोंदणीकृत करून घ्या, मग मालकाचं ओळखपत्रसुद्धा मागत नाहीत. आणि अर्जात पत्ता पावतीवर आहे तसाच टाका, स्वल्पविरामासकट.

नंबर आल्यावर दारावरच्या पाटीवर लिहायचा आणि सर्टिफिकेट दिसेल असं लावायचं, हे विसरू नका.

अजून एक, छापील पुस्तकाला जीएसटी शून्य आणि आमच्या कामाला 18 टक्के, त्यामुळं प्रकाशकाला त्याचं क्रेडिट (आम्हाला दिलेला कर आपल्या करातून वजा करणं) मिळत नाही. ज्यांनी नंबरसाठी अडवलं तेच बिल बघून म्हणाले, हे 18 टक्के तुमच्या रेटमध्येच बसवा. नाही बसवले. आता कोटेशनवर "जीएसटी वेगळा" ही ओळ सगळ्यात वर, ठळक अक्षरात असते.