८०८५ किट, पुढचा टप्पा : भागाकाराशिवाय दशमान

८०८५ मायक्रोप्रोसेसरच्या सराव किटच्या डिस्प्लेवर आतापर्यंत हेक्समध्ये (सोळाच्या पायात) ९सी दिसायचं, आता तीच संख्या दशमानात १५६ दिसते. पुस्तकी पद्धत सगळ्यांना पाठ आहे : १०० वजा करत राहा, मग १०. मला मात्र हे काम डीएएकडून, म्हणजे बेरजेचं उत्तर दशमानात दुरुस्त करणाऱ्या सूचनेकडून, करून घ्यायचं होतं. कॉलेजात या बिचाऱ्या सूचनेला दोन बीसीडी (प्रत्येक दशमान अंक चार बिटांत) संख्यांच्या बेरजेपुरतं बोलावतात आणि प्रॅक्टिकल संपलं की विसरतात.

बायनरी संख्येचा सगळ्यात डावा बिट आरएएलने (डावीकडे सरकवणारी सूचना) कॅरीत, म्हणजे हातच्याच्या बिटात, काढायचा. उत्तर ए या मुख्य रजिस्टरात आणून एडीसी ए, म्हणजे स्वतःतच स्वतःला मिळवायचं, वर कॅरी. लगेच डीएए. झालं, दुप्पट अधिक बिट, तेही थेट दशमानात. १५६ म्हणजे १००१११००. आठ फेऱ्यांत उत्तर असं चढतं : १, २, ४, ९, १९, ३९, ७८, १५६.

शेवटची फेरी सिंगल स्टेपने (एकेक सूचना चालवून) बघाच. ७८ मध्ये ७८ मिळवले की ए मध्ये हेक्स एफ० येतं. ८ आणि ८ चा हातचा गेल्यामुळे ऑक्झिलरी कॅरी (खालच्या चार बिटांतून वर जाणारा हातचा) लागलेली, वरचा एफ तर ९ पेक्षा मोठाच. म्हणून डीएए ६६ मिळवतं. ए मध्ये ५६ उरतात आणि शतकाचा १ कॅरीतून पुढच्या रजिस्टरात जातो. एमओव्ही (नक्कल करणारी सूचना) कुठल्याच फ्लॅगला, म्हणजे कॅरीसारख्या खुणेच्या बिटाला, हात लावत नाही, डीसीआर (एक वजा करणारी) कॅरीला लावत नाही, म्हणून हे जमतं.

वेगासाठी कोणी या वाटेला जाऊ नये. आठ बिटांना लूप ४६१ टी-स्टेट (प्रोसेसरच्या आतल्या घड्याळाचे ठोके) घेतो, ६.१४४ मेगाहर्ट्झ क्रिस्टलवर साधारण १५० मायक्रोसेकंद. वजाबाकी त्याआधीच आटपते. पण इथे ० असो की २५५, वेळ तेवढाच. डिले लूप जुळवणाऱ्यांना त्याची किंमत कळेल.

सोळा बिटांचा कोड तर आणखी सुटसुटीत झाला. आरएएलची भानगडच नाही, डीएडी एच (एचएल या सोळा बिटांच्या रजिस्टर-जोडीत तीच जोडी मिळवणं) एकाच सूचनेत एचएल डावीकडे सरकवून बिट कॅरीत देतं. ६५५३५ ला पाच अंक, म्हणून उत्तराला तीन रजिस्टर. १६ फेऱ्या, ११४९ टी-स्टेट.

आता उलटा प्रवास : कीपॅडवरून दशमान घेऊन बायनरी. ८०८५ चं डीएए बेरजेनंतरच कामाचं, त्यामुळे इथे त्याला सुट्टी. एचएलची प्रत डीई या दुसऱ्या जोडीत ठेवून डीएडी एच, डीएडी एच, डीएडी डी (डीई मिळवणं), डीएडी एच केलं की दसपट होते. मग नवा अंक मिळवायचा. ६५५३५ च्या वरची संख्या अडवायला प्रत्येक डीएडीनंतर जेसी (कॅरी आली तर उडी) टाकतोय. कोड लांबतो, पण चालेल.