आकडा किती आला?

"काकू, या वेळी आकडा किती आला?" गेल्या तीन वर्षांत माझ्या रक्ताच्या रिपोर्टबद्दलचा हा प्रश्न मी भाजीवाल्याच्या हातगाडीपाशी ऐकलाय, लग्नाच्या पंगतीत ऐकलाय, आणि नणंदबाईंनी तर नाशिकरोडला गाडी सुटता सुटता खिडकीतून विचारलाय. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

मला शोग्रेन आहे. आमचे हे त्याला 'तुझं ते स्वीडन' म्हणतात. हेनरिक शोग्रेन हे स्वीडनचे डोळ्यांचे डॉक्टर. डोळे कोरडे पडलेल्या १९ बायकांवर त्यांनी १९३३ मध्ये प्रबंध लिहिला. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते, असा हा आजार. डिसेंबरात निफाडकडचं गार वारं सुटलं की डोळ्यांत रेती गेल्यासारखं होतं. चिवड्याचा बकाणा भरावा तर पोहे टाळूला चिकटून बसतात, आणि ते सोडवायला फुलपात्रभर पाणी लागतं. चिवड्याच्या गावात राहून ही तऱ्हा!

दोन वर्षं सगळ्यांनी ते पाळी जाण्यावर ढकललं, मीसुद्धा. शेवटी वर्षातली चौथी कीड भरताना दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तोंडाला पाणी सुटतं का हो?" चिंचेचं नाव काढलं तरी सुटत नव्हतं. मग डोळ्यांची तपासणी झाली. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवतात. ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर डोळा कोरडा. माझी ३ वर थांबली. लेकीच्या पाठवणीला माझ्या डोळ्यांत टिपूस आला नव्हता, आणि विहीणबाईंनी ते अजून लक्षात ठेवलंय. ती पट्टी त्यांना दाखवावी असं फार मनात आलं होतं.

मग रक्त. एएनए, म्हणजे आपल्याच पेशींच्या केंद्रकांवर उलटलेल्या अँटिबॉडी, आलं १:३२०. शेजारच्या वहिनींनी कागद पाहिला आणि हातातली बर्फी काढून घेतली, "३२०? अहो, गोड बंद करा!"

तर हा ३२० साखरेसारखा नसतो. वाटीभर ताकात पाणी घालत जा. ४० पट, ८० पट, १६० पट, दर वेळी दुप्पट पातळ. कुठपर्यंत ते पांढुरकं दिसतं? तसंच रक्तातलं पाणी पातळ करत काचेवरच्या पेशींवर टाकतात. त्यातल्या अँटिबॉडी पेशींना चिकटल्या, तर सूक्ष्मदर्शकाखाली त्या हिरव्या चमकतात. माझ्या ३२० पट पातळ केल्यावरही चमकल्या, ठिपक्याठिपक्यांच्या. आज ३२० आणि उद्या दुसऱ्या लॅबमध्ये १६०, म्हणजे फक्त एका पायरीचा फरक. त्यावर पेढे वाटू नयेत. शिवाय काही ठणठणीत माणसांतही एएनए पॉझिटिव्ह निघतं.

खरी खूण पुढच्या तपासणीत मिळाली : अँटी-रो नावाची अँटिबॉडी, म्हणजे एसएसए. तिची जोडीदारीण 'अँटी-ला', म्हणजे एसएसबी. ज्या रुग्णांच्या रक्तात त्या पहिल्यांदा सापडल्या, त्यांच्या नावांची 'रो' आणि 'ला' ही आद्याक्षरं. माझी रो पॉझिटिव्ह आली आणि आजाराला नाव मिळालं. पण रो म्हणजे दारावरची पाटी. घर कुणाचं ते सांगते, आत भांडण चाललंय की समेट झालाय ते नाही सांगत. गोळ्यांनी मला बरं वाटलं तरी पाटी तिथेच, त्रास वाढला तरी तिथेच. म्हणून डॉक्टर ती तपासणी पुन्हा सांगत नाहीत आणि मीही पैसे घालवत नाही. काहींच्या दाराला पाटीच नसते. त्यांच्या खालच्या ओठाच्या आतून लाळेच्या इवल्या ग्रंथी काढून बघतात. ४ चौरस मिलिमीटरमध्ये पन्नास किंवा जास्त लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशींचा एक तरी घोळका दिसला, तर ते मोठं गमक धरतात.

पाटीचा एक उपयोग मात्र मोठा आहे. रो वारेतून बाळापर्यंत जाते आणि क्वचित त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून अशा गरोदर बाईवर बारीक लक्ष ठेवावं लागतं. या अँटिबॉडी त्रास सुरू होण्याच्या कित्येक वर्षं आधीही रक्तात असू शकतात. माझ्या दोन बाळंतपणांच्या वेळी त्या होत्या की नव्हत्या, कोण जाणे! दोन्ही पोरं धडधाकट निघाली, पण हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग माझे डॉक्टर बघतात काय? सी थ्री आणि सी फोर ही प्रतिकारशक्तीची प्रथिनं, आयजीजी म्हणजे एका जातीच्या अँटिबॉडींचं प्रमाण, साधं सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, लघवी. आणि कानाखालची गालफडं स्वतःच्या बोटांनी चाचपतात. या आजारात लिम्फोमाचा, म्हणजे लिम्फोसाइट पेशींच्या कर्करोगाचा, धोका इतरांपेक्षा जास्त असतो. सी फोर घसरलं किंवा तिथली सूज बसेनाशी झाली की ते सावध होतात.

मंगळवारी रक्त द्यायला जायचंय. सी फोर कळलं की सांगते. आणि वहिनी, ती बर्फी उरली असेल तर परत द्या.