ठिपक्यावरून ठिपक्यावर: माझा सेकंडमेंटचा अनुभव

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात आम्हाला जगाचा नकाशा दाखवला होता. जवळजवळ प्रत्येक देशावर आमच्या ऑडिट फर्मचा ठिपका. ऑडिटमध्ये (कंपन्यांचे हिशेब तपासण्यात) चार वर्षं नीट काढली की एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर उडी मारायची, म्हणजे सेकंडमेंटवर, काही काळापुरतं परदेशातल्या फर्ममध्ये कामाला जायचं, असा माझा सरळ हिशोब. प्रत्यक्षात निघायला सहावं वर्ष उजाडलं, कारण ही एक कंपनी नाहीच हे मला उशिरा कळलं.

डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय, केपीएमजी ही ऑडिटमधली चार मोठी नावं खरं तर जाळी आहेत. नाव एक, पण त्याखालच्या फर्म कायद्याने स्वतंत्र. पार्टनर वेगळे, नफा-तोटा वेगळा. माझ्याही फर्मचं तसंच. त्यामुळे 'बदली' म्हणजे इकडच्यांनी माणूस सोडायचा आणि तिकडच्यांनी आपल्या बजेटातून त्याचा खर्च उचलायचा. मी अंतर्गत पोर्टलवर दोनदा अर्ज टाकले. दोन्ही वेळा उत्तरसुद्धा आलं नाही. का येईल? मला तिकडे ओळखत कोण होतं?

दार उघडलं ते कंटाळवाण्या कामातून. एका परदेशी समूहाच्या उपकंपनीचं ऑडिट आमच्याकडे होतं. मुख्य ऑडिटर तिकडचे. ते सूचना पाठवायचे, आम्ही ठरलेल्या तारखेला अहवाल द्यायचा. रात्रीचे कॉल कुणालाच नको असायचे, म्हणून ते माझ्याकडे आले. तिसऱ्या वर्षी तिकडची मॅनेजर म्हणाली, "तुमच्या फाइलवर मला प्रश्न विचारावे लागत नाहीत. जानेवारीत येता का?" 31 डिसेंबरला वर्ष संपणाऱ्या कंपन्यांमुळे जानेवारी ते मार्च त्यांना माणसं पुरत नाहीत. माझ्या सगळ्या अर्जांपेक्षा हे एक वाक्य भारी पडलं.

आता इकडचा अडसर. "जा ना, पण मार्चनंतर," आमचे पार्टनर म्हणाले.

"सर, त्यांना जानेवारीतच माणूस हवाय."

"मलाही जानेवारीतच हवाय!"

चुकीचं काहीच नव्हतं त्यांचं. शेवटी मी माझ्या जागी एका ज्युनिअरला तीन महिने तयार केलं, माझं कुठलं काम ती उचलेल याची यादी त्यांच्यापुढे ठेवली, तेव्हा होकार मिळाला. आधी तीन महिने गेले, पुढच्या वर्षी दोन वर्षांसाठी.

कागदपत्रांत दोन ठिकाणी ठेच लागली. एक, '183 दिवसांच्या आत परत आलं की तिकडे कर नाही' ही चहाच्या वेळची अक्कल. दोन देशांमधल्या कर-करारांत दिवसांची अट असते, पण ती एकटी नसते. पगाराचा भार तिकडची फर्म उचलत असेल, तर कमी दिवसांतही तिकडे कर लागू शकतो. माझ्या बाबतीत नेमकं तेच होतं. परदेशी पाठवणीचं काम बघणाऱ्या मोबिलिटी टीमने टॅक्स इक्वलायझेशन समजावलं: घरी असते तर जेवढा कर लागला असता तेवढाच माझ्याकडून, वरचा फर्म भरणार. हे पत्रात लिहून घेतल्याशिवाय मी सही केली नाही.

दुसरी ठेच शेअरची. ज्या कंपनीचं ऑडिट करणार, तिचा एकही शेअर टीममधल्या माणसाकडे किंवा जोडीदाराकडे चालत नाही. माझ्याकडे काही नव्हतंच, म्हणून मी बिनधास्त. पण तिकडचे क्लायंट वेगळे, आणि त्यातल्या एकाचे शेअर नवऱ्याच्या खात्यात निघाले. त्याचा आवडता शेअर, भाव पडलेला. "तुझ्या करिअरचा पहिला खर्च माझ्या डोक्यावर," म्हणत त्याने विकले. अजून ऐकवतो.

काम तेच असेल ही समजूत पहिल्याच रिव्ह्यूत गेली. एका यंत्रसामग्रीचं मूल्य आदल्या वर्षी घसरलं म्हणून कमी केलं होतं. परिस्थिती सुधारली तशी क्लायंटने ती घट उलटवली. माझ्या डोक्यात आयएफआरएस, म्हणजे हिशेबाचे आंतरराष्ट्रीय नियम, तिथे चालतं. मी टिक केलं. क्लायंटचे हिशेब मात्र अमेरिकी नियमांवर, तिथे वापरातल्या मालमत्तेबाबत हे चालतच नाही. सीनिअरची रिव्ह्यू नोट दोन शब्दांची होती: "कुठल्या नियमाने?" सहा वर्षांचा अनुभव त्या प्रश्नचिन्हापुढे जरा वेळ गप्प बसला. मग मी दर फाइलच्या पहिल्या पानावर कुठली हिशेबपद्धती ते ठळक लिहायला लागले.

परतीचा विचार जाताना कुणी करत नाही, मीही केला नव्हता. पत्रात लिहिलं होतं: परतल्यावर भूमिका 'उपलब्धतेनुसार'. तिकडे मी मॅनेजर झाले. इकडच्या बढतीच्या बैठकीत माझं नाव घेणारं मात्र कुणी उरलं नव्हतं, कारण मला जाऊ देणारे ते पार्टनर निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी आलेल्या बाईंना मी शेवटचं वर्षभर दर तीन महिन्यांनी फोन करत राहिले. पहिल्या फोनला त्यांनी विचारलं होतं, "आपण कोण?" चौथ्यात विचारलं, "कधी येताय? जानेवारीच्या आधी जमेल?"