बांधलेला घोडा

रविवार, रात्र. नौपाडा, ठाणे.

आजच्या बुद्धिबळाच्या डावातल्या तीन चाली लिहून ठेवल्याशिवाय झोप लागायची नाही.

पाऊस उघडेना, तलावपाळीची फेरी राहिली, तेव्हा शेजारचे काका पट बगलेत मारून आमच्याकडेच आले. भाचाही आला होता. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखनं बातुमीत महिला विश्वचषक जिंकला आणि तिथल्या तिथे ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून तो मोठ्यांच्या डावाशेजारी मांडी घालून बसतो आणि मध्ये बोलत नाही. हे मला फार आवडतं.

मी पांढरी घेतली होती. पंचविसाव्या चालीच्या आसपास बऱ्याच मारामाऱ्या होऊन पट रिकामा झाला. दोघांकडे एकेक हत्ती. काकांकडे वर एक घोडा, आणि माझ्याकडे त्याच्या बदल्यात दोन जास्तीची प्यादी. पुस्तकी हिशेबात घोड्याचे तीन, प्याद्यांचे दोन, म्हणजे मी एकानं मागे. पण खरा फरक त्याहून जास्त होता, कारण त्यांचा घोडा डी४ वर (अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी रांग), पटाच्या मधोमध उभा होता. मोकळा पट आणि मध्यावरचा घोडा म्हणजे आठ घरांवर नजर. माझी प्यादी ए२, बी२, एफ४, जी४, एच३ अशी दोन बाजूंना विखुरलेली, राजा जी१ ला. त्यांचा राजा ई७ वर, हत्ती सी८ वर, प्यादी ए७, बी७ आणि एच७.

मी एफ१ चा हत्ती ई१ वर आणून शह दिला.

काकांनी क्षणभर पाहिलं आणि घोडा डी४ वरून ई६ ला आणून मध्ये घातला. चाल दिसायला देखणी होती. शह अडतो, राजा घोड्याला जोर देतो, आणि घोडा माझ्या एफ४ च्या प्याद्यावर रोखलेला. एका चालीत तीन कामं. पण त्याच चालीनं घोडा पिन झाला, म्हणजे जखडला गेला. मागे राजा, समोर ई-पट्टीत माझा हत्ती. आता तो घोडा हलूच शकत नाही, नियमानंच नाही. एफ४ वर रोखलेला दिसतो, पण खाऊ शकत नाही. सकाळी आठच्या लोकलच्या दारात चेपलेल्या माणसाला हात असतात, पण खिशापर्यंत नेता येत नाहीत, तशी त्याची गत.

मग एफ४ चं प्यादं एफ५ ला ढकललं.

मला या एका चालीबद्दल लिहायचंय. जखडलेल्या मोहऱ्यावर मारा कशानं करायचा, हा पिनमधला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. हत्तीनं घोडा मारायला जावं तर राजाचा जोर आहे, पाच देऊन तीन घ्यायचे, तोटा. आणखी एक मोठं मोहरं आणावं तर समोरचाही आणखी एक जोर आणतो. प्यादं आलं की हा हिशेबच संपतो. प्याद्यानं घोडा मारला आणि ते प्यादं परत मारलं गेलं, तरी एक देऊन तीन मिळतात. मग त्या घोड्याला कितीही जोर असो. आणि घोडा पळू शकत नाही. डावात सगळ्यात स्वस्त असलेलं मोहरं सगळ्यात जड हत्यार होतं, ते असं.

निम्झोविच या जुन्या बुद्धिबळपटूनं शंभर वर्षांपूर्वी हेच सांगितलं, की जखडलेलं मोहरं जो जोर देतंय असं वाटतं तो नुसता भास असतो. मी हे कितीदा वाचलंय. पण आज एफ४ चं प्यादं त्या घोड्याच्या तोंडासमोरून शांतपणे पुढे सरकलं, तेव्हा ते डोळ्यांना दिसलं.

भाच्याला नंतर एक गोष्ट मुद्दाम दाखवली. मागे राजा असेल तरच पिनवर डोळे मिटून विसंबायचं. मागे वजीर असेल तर समोरचा हवं तेव्हा मोहरं हलवू शकतो, त्याची किंमत मोजायची तयारी असली की झालं. अठराव्या शतकातल्या पॅरिसच्या लेगालची चाल त्याला पटावर मांडून दाखवली. घोडा पिन आहे म्हणून काळा निर्धास्त, आणि पांढरा तोच घोडा उचलून पुढे जातो, वजीर खुशाल मारू देतो आणि हलक्या मोहऱ्यांनी मात करतो. पोराचे डोळे एवढे मोठे झाले. त्यानं ती चाल स्वतःच्या हातानं परत परत करून पाहिली.

डावाकडे येते. काकांनी राजा डी६ ला नेला. मी प्याद्यानं घोडा खाल्ला. त्यांनी हत्ती ई८ वर आणून माझं ई६ चं प्यादं धरलं. ते वाचवण्याच्या भानगडीत न पडता मी राजा एफ२ ला आणला. त्यांनी हत्तीनं प्यादं मारलं, हत्तीला हत्ती गेला आणि राहिले फक्त राजे आणि प्यादी. माझी चार, त्यांची तीन. राजांच्या डावात एक प्यादं म्हणजे बहुतेक वेळा सगळं काही. मी एच-पट्टीतली अदलाबदल करून जी-पट्टीतलं प्यादं मोकळं केलं. ते वजीर होऊ नये म्हणून काकांच्या राजाला त्याच्यामागे जावं लागलं, तेवढ्यात माझा राजा पलीकडे जाऊन ए आणि बी-पट्टीतली त्यांची प्यादी खात बसला.

काका कोकणातले, लहानपणी देशी पद्धतीनं शिकलेले. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालतं, आणि शेवटच्या रांगेत पोचलं की ज्या मोहऱ्याच्या पट्टीत पोचलं तेच मोहरं बनतं. तिथे वजिराच्या पट्टीतल्या प्याद्याचा दरारा, कडेच्या प्याद्याचा फार तर हत्ती होतो. ते आता कित्येक वर्षं आंतरराष्ट्रीय नियमांनीच खेळतात, तरी कडेच्या प्याद्यांकडे त्यांचं लक्ष उशिरा जातं असं मला वाटतं.

प्याद्यांचं बळ पाहायचं तर दोन जुने डाव आहेत, त्यांच्यावरून माझा जीव ओवाळून टाकावा असं वाटतं. एक १८३४ चा, लंडनमधला, मॅक्डॉनेल आणि ला बूर्दोने यांचा. शेवटी काळ्याची तीन प्यादी दुसऱ्या रांगेत डी, ई, एफ अशी खांद्याला खांदा लावून उभी आहेत, आणि वजीर हाताशी असूनही पांढरा डाव सोडतो. दुसरा १९३३ चा, माद्रिदचा, ओर्तुएता विरुद्ध सान्झ. सान्झनं आपला हत्ती देऊन टाकला आणि सी-पट्टीतल्या प्याद्यांच्या जोरावर हत्ती आणि घोडा दोघांनाही हरवलं. मागे पडलेल्या माणसानं हे डाव रात्री एकट्यानं पटावर मांडावेत. मोहरी किती आहेत यापेक्षा चालू शकतात किती, हे बघायची सवय लागते.

डाव संपल्यावर काका उठले नाहीत. चहा गार झाला. त्यांनी सगळी मोहरी शहाच्या जागी परत मांडली आणि म्हणाले, "अगं, घोडा मध्ये घातलाच नसता तर? राजा एफ६ ला नेला असता तर?"

बघितलं, आणि मीच दचकले. राजा एफ६ ला गेला की घोडा मोकळा, आणि पुढच्याच चालीला एफ३ वर शह देऊन माझा ई१ चा हत्ती घेऊन जातो. मला राजा एफ२ ला आणून ते घर राखावं लागतं, मग त्यांचा हत्ती सी२ वर शह देऊन दुसऱ्या रांगेत घुसतो आणि बी२ च्या प्याद्यावर बसतो. माझा राजा ई३ ला येऊन घोड्यावर जातो, घोडा हलतो. त्याच्यापुढे काय, यावर अर्धा तास वाद झाला. मी म्हणते बी२ चं प्यादं दोन घरं चालवून वाचवता येतं आणि एफ, जीची जोडी अजून काही तरी करेल. काका म्हणतात घोडा एकदा सुटला की नाही.

उद्या ते ऑफिसहून परतायच्या वेळेला वर येणार आहेत. तिथूनच मांडायचं, आणि काळी मी घेणार.