गॅमा 600 वर टिकला, तोवर डिफिकल्टी पुढे पळाली

अखेर बिटअ‍ॅक्स गॅमा, म्हणजे माझा घरगुती छोटा बिटकॉइन मायनर, 600 मेगाहर्ट्झवर रात्रभर चालला, एकही रीस्टार्ट नाही. अ‍ॅक्सओएसवर (त्याच्या सॉफ्टवेअरवर) सरासरी 1.22 टेराहॅश, म्हणजे सेकंदाला सव्वा लाख कोटी प्रयत्न!

575 मेगाहर्ट्झच्या वर बोर्ड बंद पडतो असं मागच्या अपडेटमध्ये लिहिलं, तेव्हा बहुतेकांनी चिपवरच्या थर्मल पेस्टवर संशय घेतला होता. पेस्ट बदलली, हीटसिंक नव्याने बसवला, चिप 60 अंशांच्या आत आली. तरी 575 ओलांडलं की बोर्ड बसायचाच. मग इनपुट व्होल्टेजवर डोळा ठेवला. रिकाम्या बोर्डाला 5.1 आणि हॅशिंग सुरू झालं की 4.7. अ‍ॅडॉप्टरवर 6 अँपिअर असं ठसठशीत छापलंय, पण वायर चार्जरच्या जाडीची. वायर आणि जॅक मिळून 0.1 ओहम धरला तरी 4 अँपिअरला 0.4 व्होल्ट वाटेतच जातात. जॅकला बोट लावलं तर चटका बसत होता, म्हणजे माझी वीज तिथे तापत होती. ‘मायनर स्पेशल’ म्हणून विकले जाणारे असले बिननावाचे अ‍ॅडॉप्टर फुकटसुद्धा घेऊ नका.

पुण्याच्या तपकीर गल्लीतून मीनवेल कंपनीचा 5 व्होल्ट, 10 अँपिअरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणला. 1.5 स्क्वेअर एमएमची वीतभर वायर, क्रिम्प केलेले लग, आणि स्क्रू फिरवून आउटपुट 5.15. आता लोडवर जॅकपाशी 5.05 मिळतात आणि जॅक गार असतो. बेस्ट डिफ, म्हणजे आतापर्यंतच्या सर्वांत चांगल्या प्रयत्नाचा आकडा, तोही 2.1जी (अब्ज) झाला. ब्लॉक, म्हणजे बक्षीस, लागायला 100टी (लाख कोटी) च्या वर लागतो, पण ते असू दे.

आता कडू भाग. आधीच्या 525 मेगाहर्ट्झवरून 600 म्हणजे 14 टक्के वाढ. जगभरच्या मायनरांचं नेटवर्क तेवढंच वाढलं की माझा वाटा परत होता तिथे, आणि दर 2016 ब्लॉकनी डिफिकल्टी (ब्लॉक शोधणं किती अवघड ते ठरवणारा आकडा) तो हिशेब चुकता करते. 2025 मध्ये नेटवर्कने एक झेटाहॅश ओलांडला, म्हणजे शंभर कोटी टेराहॅश. त्यात माझे सव्वा. सरासरीने एक ब्लॉक यायला सोळा हजार वर्षं! उलटही घडतं म्हणा: चीनने बंदी घातल्यावर जुलै 2021 मध्ये डिफिकल्टी एका फटक्यात 28 टक्के उतरली होती. पण तसल्या आशेवर दुसरा गॅमा घ्यायचा?

घेणारच होतो. हे लिहिता लिहिता मात्र बेत बदलला. लॉटरीच आहे तर तिकीट स्वस्त करू. 20 वॅटला महिन्याला 14 युनिट जातात. 490 मेगाहर्ट्झ आणि कमी कोअर व्होल्टेजवर 15 वॅट जमले तर 11 युनिटांत भागेल, आणि बिल 100 युनिटांच्या स्लॅबमध्ये राहील. दुसऱ्या गॅमाच्या पैशांत एसएसडी घेऊन स्वतःचा नोड (बिटकॉइन नेटवर्कला थेट जोडलेला संगणक) उभा करतो, म्हणजे सोलो पूलची, म्हणजे एकट्याने मायनिंग करायला जोडून देणाऱ्या सेवेची, फीही वाचेल.

व्हीआर (बोर्डावरचा व्होल्टेज रेग्युलेटर) मात्र दुपारी अजून 72 अंशांवर जातो. बोर्डाच्या मागच्या बाजूला छोटा हीटसिंक कुणी चिकटवलाय का? थर्मल टेप पुरते की पॅडच लागतो?