तुम्ही विचारलंत म्हणून: ई-रीडर कुठला घेऊ?

"ई-रीडर कुठला घेऊ?" असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, पुस्तकं वाचायच्या त्या यंत्रावर वाचणार काय? अर्धा निर्णय तिथेच होतो.

माझा पहिला रीडर ६ इंची. कादंबऱ्या त्यावर झकास वाचून व्हायच्या. मग एकदा जुन्या ग्रंथाची स्कॅन केलेली पीडीएफ त्यात घातली. अख्खं पान पडद्यावर मावलं, पण अक्षरं मुंगीएवढी. मोठं करावं तर ओळ पडद्याबाहेर. दर ओळीला पान डावीकडे सरकवा, पुन्हा मागे आणा, वर पडद्याची लुकलुक. चौथ्या पानावर मी हात टेकले. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. ईपब या ई-पुस्तकांच्या फाइलीतला मजकूर जसा अक्षर मोठं केलं की नव्याने ओळी पाडून घेतो, तसं तिथे होत नाही. असलं वाचन जास्त असेल तर १० इंचांच्या खाली जाऊ नका. नुसत्या कथा-कादंबऱ्यांना ६-७ इंच भरपूर.

फोन असताना हे कशाला, असंही विचारतात. ई-रीडरच्या ई-इंक पडद्यात बारीक कुप्या असतात आणि त्यांत काळे-पांढरे कण. विजेच्या इशाऱ्याने ते वर-खाली होतात आणि पान उमटतं. उमटलेलं पान टिकवायला वीज लागत नाही, म्हणून एकदा चार्ज केलं की आठवडेच्या आठवडे बघायला नको. भर उन्हातही पान कागदासारखं स्वच्छ दिसतं.

रंगीत पडद्याचा मोह मात्र आवरा. कॅलिडो ३ या पडद्यावर काळी अक्षरं इंचाला ३०० ठिपक्यांची असतात, रंग १५० वर येतात, आणि पानही जरा काळवंडलेलं दिसतं. कॉमिक्स वाचणाऱ्यांनी जरूर घ्यावा.

जवळ ईपब फाइली बऱ्याच असतील तर कोबो कंपनीचा रीडर त्या थेट उघडतो. अ‍ॅमेझॉनच्या किंडल रीडरला त्या 'सेंड टू किंडल' या त्यांच्याच सेवेने पाठवाव्या लागतात; ही सोय २०२२ पासूनची.

मराठी वाचणार असाल तर घेण्याआधी एखादं मराठी पान उघडून बघाच. 'उद्ध्वस्त' नीट जुळतो का? 'किती'मधली पहिली वेलांटी 'क'च्या आधीच आहे ना?

आणि पान उलटायला बटण असलेला मिळाला तर तोच घ्या. रात्री कुशीवर पडून एका हाताने वाचताना अंगठा पडद्यापर्यंत न्यावा लागत नाही.